तुम्ही विचारलंत म्हणून: न्यूयॉर्क रटगर्सचे सामने बघतं का?

न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात राहणाऱ्या मराठी माणसाला शरद ऋतू लागला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे बहुधा परड्यू, मिशिगन किंवा इलिनॉय अशा विद्यापीठांतून एम. एस. करून नोकरीसाठी पूर्व किनाऱ्याला आलेले असतात, आणि शिक्षणाबरोबर तिथल्या फुटबॉलचे वेडही घेऊन आलेले असतात. त्यांचे म्हणणे असे, की न्यू जर्सीतले रटगर्स विद्यापीठ न्यूयॉर्कपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. मग न्यूयॉर्कचे लोक रटगर्सचे सामने बघतात का, आणि बघत नसतील तर बिग टेन कॉन्फरन्सने, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या त्या गटाने, हा संघ घेतला तरी कशासाठी?

हे खरे तर दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत. न्यूयॉर्क रटगर्सचे सामने फारसे बघत नाही. बिग टेनलाही हे पक्के ठाऊक होते, आणि तरीही तिने रटगर्सला घेतले, कारण त्या काळी पैसा बघणाऱ्यांकडून येत नव्हता. तो केबलचे बिल भरणाऱ्यांकडून येत होता.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सगळे थोडे अद्भुत वाटेल. आपल्याकडे अश्वमेधसारख्या आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात आणि त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपते. अमेरिकेत विद्यापीठांचा फुटबॉल, म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हा कोट्यवधी डॉलरचा टीव्ही व्यवसाय आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सामन्यांच्या प्रक्षेपणावरची एनसीएए या मध्यवर्ती संघटनेची मक्तेदारी मोडून काढली. तेव्हापासून विद्यापीठे आणि त्यांचे गट, म्हणजे कॉन्फरन्स, आपापले सामने स्वतः विकू लागले, आणि कोणत्या गटाकडे कोणते शहर आहे हा हिशेब महत्त्वाचा झाला.

न्यूयॉर्क ही देशातली सर्वांत मोठी टीव्ही बाजारपेठ असून तिच्यात सत्तर लाखांहून अधिक घरे मोडतात. या बाजारपेठेच्या सीमा राज्याच्या नकाशाप्रमाणे आखलेल्या नाहीत. लाँग आयलंड तिच्यात आहे, कनेटिकटचा एक कोपरा आहे, आणि न्यू जर्सीचा उत्तर व मध्य भागही आहे. दक्षिण न्यू जर्सी फिलाडेल्फियाच्या बाजारपेठेत जाते. नव्वद लाखांहून अधिक वस्तीच्या या राज्याला स्वतःची टीव्ही बाजारपेठच नाही. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या नऊ क्रमांकाच्या वाहिनीचा परवाना कागदोपत्री सिकॉकसला, म्हणजे न्यू जर्सीत, हलवण्यात आला खरा, पण त्यामुळे ती वाहिनी आमची झाली असे कुणाला वाटल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आमच्या घरात हवामान लागते ते मॅनहॅटनचे आणि बातम्या लागतात त्या ब्रूकलिनच्या. रटगर्सची अडचण इथूनच सुरू होते, कारण ज्या राज्याचे हे विद्यापीठ आहे त्या राज्याच्या दिवाणखान्यात बोलणारा टीव्ही दुसऱ्याच शहराचा आहे.

आता बिग टेनचा हिशेब पाहू. या कॉन्फरन्सने २००७ च्या ऑगस्टमध्ये फॉक्सच्या भागीदारीत स्वतःचे बिग टेन नेटवर्क सुरू केले. केबल कंपनी प्रत्येक ग्राहकामागे या नेटवर्कला दरमहा ठरावीक रक्कम देते. ज्या प्रदेशात कॉन्फरन्सचे सदस्य विद्यापीठ आहे तिथे हा दर सुमारे एक डॉलर होता. बाहेरच्या प्रदेशात तो काही सेंटांवर येत असे. म्हणजे न्यूयॉर्क बाजारपेठेतल्या निम्म्याच घरांत हे नेटवर्क मूळ पॅकेजमध्ये गेले असे धरले, तरी वर्षाला चार कोटी डॉलरच्या वर रक्कम होते, आणि त्या घरांतल्या एकानेही सामना लावला नाही तरी ती कमी होत नाही. सामना न बघणाऱ्या, किंबहुना तो खेळ न कळणाऱ्या आजीबाईंच्या बिलातूनही तो डॉलर जातच असतो. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत चलाख गोष्ट आहे. तिच्यात रटगर्सचे काम एका किल्लीचे होते. किल्ली सुंदर आहे की गंजलेली, हे कुणी विचारत नाही, कुलूप उघडले म्हणजे झाले.

कॉन्फरन्सचे तेव्हाचे आयुक्त जिम डेलनी हे मूळचे न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंजचे. त्यामुळे न्यूयॉर्क कॉलेजच्या फुटबॉलवर जीव टाकते असा त्यांचा भाबडा समज असण्याची शक्यता नव्हती. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी मेरिलँडची आणि दुसऱ्याच दिवशी रटगर्सची घोषणा झाली. मेरिलँडमुळे वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर, रटगर्समुळे न्यूयॉर्क, असा तो सौदा होता. त्याच सुमारास फॉक्सच्या मालकांनी यँकीज या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाचे सामने दाखवणाऱ्या येस नेटवर्कमध्येही हिस्सा घेतला, आणि न्यूयॉर्कच्या केबल कंपन्यांशी वाटाघाटी करताना असा शेजारी जवळ असणे किती सोयीचे, हे सांगायला नको. दोन्ही विद्यापीठे १ जुलै २०१४ पासून रीतसर सदस्य झाली.

या हिशेबात एक खरा प्रेक्षकवर्गही होता, पण तो रटगर्सचा नव्हता. मिशिगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांचे हजारो माजी विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये नोकऱ्या करतात, शनिवारी दुपारी आपापल्या ठरलेल्या बारमध्ये जमतात आणि स्वतःच्या संघाचा सामना बघतात. तुम्हीही त्यांच्यापैकीच असाल. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये बिग टेन लोकप्रिय आहे असे म्हणता येईल, आणि रटगर्स ही त्या लोकप्रियतेने भाड्याने घेतलेली जागा आहे. पिस्कॅटवेतल्या रटगर्सच्या मैदानावर पेन स्टेट किंवा ओहायो स्टेट आले की गॅलरीचा मोठा भाग पाहुण्यांच्या रंगाने भरतो, तो याच मंडळींमुळे.

न्यूयॉर्क कॉलेजच्या खेळांकडे पूर्वीपासूनच पाठ फिरवून बसले होते, असे मात्र समजू नये. कॉलेज फुटबॉलचा टीव्हीवर दिसलेला पहिला सामना याच शहरातला होता: १९३९ च्या ३० सप्टेंबरला रँडल्स आयलंडवर फोर्डम आणि वेन्सबर्ग यांच्यात तो झाला, तेव्हा तो पाहू शकणारे टीव्ही संच शहरात मूठभरच होते. त्याआधी आणि नंतरही नोत्र दाम विद्यापीठ आणि आर्मी, म्हणजे वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, यांच्या सामन्यांना यँकी स्टेडियम भरून जात असे. इंडियानातल्या त्या कॅथलिक विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेले आयरिश आणि इटालियन कामगार भुयारी रेल्वेने सामन्याला येत, आणि त्यांना भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी असे नाव पडले होते. बास्केटबॉलचे प्रेम तर याहून खोल होते. १९५० मध्ये सिटी कॉलेजने एनआयटी आणि एनसीएए या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा एकाच हंगामात जिंकल्या, दोन्ही अंतिम सामने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाले, आणि पुढच्याच वर्षी गुणांची हेराफेरी करून जुगाऱ्यांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात त्या संघातले खेळाडू पकडले गेले. लाँग आयलंड विद्यापीठ आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचे (एनवाययू) खेळाडूही त्यात सापडले. शहराच्या कॉलेज बास्केटबॉलला तो घाव फार खोलवर लागला. पुढे शहरातल्याच सेंट जॉन्स विद्यापीठाने १९८५ मध्ये एनसीएए स्पर्धेच्या अंतिम चौघांत धडक मारली तेव्हा शहर पुन्हा उसळले, आणि २०२५ मध्ये प्रशिक्षक रिक पिटिनो यांच्या हाताखाली सेंट जॉन्सनेच गार्डनमध्ये बिग ईस्ट या आपल्या कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले तेव्हाही.

यावरून दिसते ते असे, की न्यूयॉर्क जिंकणाऱ्या संघाकडे वळते आणि शक्यतो त्याने गार्डनमध्ये जिंकावे अशी अपेक्षा ठेवते. ज्या शहरात फुटबॉलचे दोन, बेसबॉलचे दोन, बास्केटबॉलचे दोन आणि बर्फावरच्या हॉकीचे तीन व्यावसायिक संघ आहेत, तिथे हरणाऱ्या विद्यापीठासाठी वर्तमानपत्रात जागा उरत नाही. सिरॅक्यूजने स्वतःला न्यूयॉर्कचा कॉलेज संघ म्हणवून घेत जाहिराती केल्या, आणि ते विद्यापीठ शहरापासून मोटारीने चार तासांहून अधिक अंतरावर आहे! जागा रिकामी असल्याशिवाय अशी जाहिरात कुणी करत नाही.

रटगर्सने ती जागा एकदाच, काही आठवड्यांपुरती, भरली होती. त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. १८६९ च्या ६ नोव्हेंबरला न्यू ब्रन्सविकमध्ये प्रिन्स्टनशी झालेला सामना हा आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना मानला जातो आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. त्यानंतरची सव्वाशे वर्षे ही मुख्यतः त्या एका विजयाची आठवण सांगण्यात गेली, असे कुणी म्हणाले तर मी फारसा वाद घालणार नाही. २००१ मध्ये ग्रेग शियानो प्रशिक्षक म्हणून आले आणि पाच-सहा वर्षांत त्यांनी संघ उभा केला. २००६ च्या ९ नोव्हेंबरला, गुरुवारी रात्री, देशभर ईएसपीएनवर दिसणाऱ्या सामन्यात रटगर्सपुढे देशात तिसऱ्या क्रमांकाचा लुइव्हिल संघ होता. दोन्ही संघ तोपर्यंत अपराजित होते. रटगर्स ७-२५ असे मागे पडले, नंतर न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलचा रे राइस धावत सुटला, आणि शेवटी १३ सेकंद उरले असताना जेरेमी इटोने चेंडू खांबांमधून मारून २८-२५ असा विजय मिळवून दिला. त्याची आधीची किक हुकली होती. लुइव्हिलच्या खेळाडूने वेळेआधी रेषा ओलांडल्यामुळे त्याला दुसरी संधी मिळाली. त्या रात्री एम्पायर स्टेट बिल्डिंगवर रटगर्सच्या रंगाचे, लाल दिवे लागले होते. पुढच्या आठवड्यात रटगर्स सिनसिनाटीकडून ३०-११ असे हरले, हंगामाच्या शेवटी वेस्ट व्हर्जिनियात तीन जादा डावांनंतर ४१-३९ असे हरले, आणि शहर आपल्या जायंट्सकडे, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल संघाकडे, परतले. तरीही न्यूयॉर्क रटगर्सकडे बघू शकते, याचा पुरावा म्हणून बिग टेनपुढे हीच रात्र असणार.

बिग टेनमध्ये गेल्यावर मात्र हा पुरावा फिका पडत गेला. पहिल्या वर्षी, २०१४ मध्ये, रटगर्सने मिशिगनला २६-२४ असे हरवले आणि आठ सामने जिंकले. दोनच वर्षांनी त्याच मैदानावर त्याच मिशिगनने ७८-० असा पराभव केला. मला त्या आकड्यापेक्षा एक तपशील जास्त बोचतो: मिशिगनकडून त्या दिवशी दोनदा गोल रेषा ओलांडणारा जाब्रिल पेपर्स हा ईस्ट ऑरेंजचा, म्हणजे न्यू जर्सीचाच मुलगा होता. इथल्याच ओल्ड ब्रिजचा मिंका फिट्झपॅट्रिक अलाबामा विद्यापीठात गेला होता. आमच्या राज्यातल्या शाळांमधून उत्तम खेळाडू निघतात आणि त्यांच्यातले सर्वोत्तम बाहेर जातात. ते राहिले असते तर लोकप्रियतेचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला असता. बास्केटबॉलमध्ये डिलन हार्पर आणि एस बेली हे दोघे २०२४ मध्ये आले, पुढच्या उन्हाळ्यात एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत अनुक्रमे दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकावर गेले, आणि त्या दोघांना घेऊनही संघाचा हंगाम १५ विजय आणि १७ पराभवांवर संपला. असा संघ न्यूयॉर्ककडे काय मागणार?

दरम्यान हिशेबाची रीतच बदलली. लोक केबल सोडू लागले तसा न बघणाऱ्या ग्राहकाचा डॉलर आटत गेला आणि खरोखर सामना बघणाऱ्याचे मोल वाढले. २०२२ मध्ये बिग टेनने लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही विद्यापीठे घेतली, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाची बाजारपेठ तर मिळालीच, पण विशेषतः यूएससीच्या नावाला स्वतःचा प्रेक्षकही होता. त्याच वर्षी फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, सुमारे सात अब्ज डॉलरचा करार झाला. आजच्या निकषांवर रटगर्सला कुणी घेतले असते असे मला वाटत नाही. ते वेळेवर आत गेले, आणि आता त्या करारातला वाटा त्यांनाही मिळतो. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला गेली कित्येक वर्षे मोठा तोटा सोसावा लागला आहे आणि तो भरून काढण्यात विद्यार्थ्यांच्या शुल्काचाही वाटा आहे, ही गोष्ट मात्र न्यूयॉर्कच्या बाजारपेठेचे गोडवे गाताना सहसा सांगितली जात नाही.

मग रटगर्स लोकप्रिय कुठे आहे? रॅरिटन नदीच्या दोन्ही काठांवर आहे. तिथल्या आठ हजार आसनांच्या जुन्या बास्केटबॉल सभागृहात २०१९-२० च्या हंगामात संघाने १९ पैकी १८ सामने जिंकले, आणि त्या छताखालचा गोंगाट सहन न झालेले पाहुणे संघ पुष्कळ आहेत. कुस्तीत, जिच्याबद्दल आम्हा मराठी मंडळींना आपुलकी वाटायला हरकत नाही, २०१९ मध्ये निक सुरियानो आणि अँथनी अॅशनॉल्ट हे दोघे राष्ट्रीय विजेते झाले, आणि न्यू जर्सीच्या शाळांतून कुस्तीची खरी परंपरा असल्यामुळे त्या लढतींना गर्दीही जाणकारांची असते. एडिसन आणि पिस्कॅटवेमधल्या कितीतरी मराठी घरांतली मुले तिथे शिकतात, आणि त्यांचे आईवडील नियम धड कळत नसतानाही लाल टोपी घालून मैदानावर जातात. यांतला कुणीही न्यूयॉर्कच्या नावाने तिकीट काढत नाही. तुमचा मिशिगनचा संघ पुढच्या वेळी इथे आला, तर मॅनहॅटनच्या बारमध्ये बसण्याऐवजी नॉर्थईस्ट कॉरिडॉर या रेल्वेमार्गाची गाडी पकडून न्यू ब्रन्सविकला उतरा. तिकीट मिळेल. त्या दिवशी तुमच्या बाजूचेच लोक जास्त असण्याची शक्यता आहे, हे आधीच सांगून ठेवतो.