स्टिक वेल्डिंग: सपाट बीडपासून कूलर स्टँडपर्यंत

स्टिक वेल्डिंग, म्हणजे लेप दिलेल्या रॉडनं लोखंड जोडणं, मी शिकते आहे. वापरातलं पहिलं काम पूर्ण झालं: कूलरचा स्टँड. 25 बाय 25 बाय 3 एमएमचा अँगल, वरची चौकट 24 बाय 18 इंच, पाय दोन फुटांचे. 60 लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच 60 किलो होतं, वर पत्र्याची बॉडी, मोटर आणि रात्रंदिवस पंख्याची थरथर. नागपुरात कूलर एकदा लागला की पाऊस पडेपर्यंत बंद होत नाही. त्यामुळे या स्टँडचा जोड नुसता दिसायला चांगला असून भागणार नव्हतं. वरून देखणा दिसणारा जोड आतून धरलेला आहे की नाही, हे ओळखायला शिकण्यातच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जास्त लिहायचं आहे तेही त्याबद्दलच.

सामान आधी थोडक्यात सांगते. 200 अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. 6013 या प्रकारचे रॉड, 12 नंबर म्हणजे 2.5 एमएम आणि 10 नंबर म्हणजे 3.15 एमएम. अँगल इतवारीतल्या लोहा ओळीतून आणला, सरावाच्या पट्ट्या भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं. ऑटो-डार्क हेल्मेट, शेड 11 वर. चामड्याचे हातमोजे, बूट आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. सिंथेटिक कापड अजिबात नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीलाच चिकटतं.

रॉडबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. लेप दिलेल्या रॉडचा शोध लावणारे स्वीडनचे ऑस्कर केलबर्ग यांनी 1904 साली ईसाब कंपनी काढली, आणि त्याच कंपनीचा कारखाना आपल्या नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या एमआयडीसीत आहे.

घरच्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर 12 नंबरचा रॉड आरामात चालतो. 75 अँपिअरला आर्कचं, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या झोताचं, व्होल्टेज 23 च्या आसपास असतं, म्हणजे आर्कमध्ये पावणेदोन किलोवॉट. मशीनमधला तोटा धरला तरी भिंतीतून सव्वादोनच्या आसपास ओढलं जातं. 10 नंबरला 110 च्या पुढे गेलं की हीच ओढ साडेतीन किलोवॉटकडे सरकते. तेव्हा घरी फक्त 12 नंबर. तीन एमएमच्या अँगलला तो पुरतो.

मशीनच्या पाटीवरची ड्युटी सायकल नीट वाचा. 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क आणि चार मिनिटं विश्रांती, पण हा आकडा 40 अंश तापमानाला मोजलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा दुपारी पाटीवरच्या आकड्यावर विसंबू नका. मी सकाळी ऊन चढायच्या आत काम आटोपते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: रॉड न पेटलेल्या अवस्थेत होल्डर आणि अर्थिंग यांच्यात 60 ते 80 व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यातून ते जाणवत नाहीत, घामानं भिजलेल्या हातमोज्यातून जाणवतात. मी हातमोज्यांचे दोन जोड ठेवलेत, एक ओला झाला की उन्हात टाकायचा आणि दुसरा घालायचा.

आता मुद्द्याचं.

आमच्या लेआउटच्या तोंडाशी फॅब्रिकेशनचं दुकान आहे. तिथले मिस्त्री संध्याकाळी मोकळे असले की मला त्यांच्या तेलाच्या जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर रॉड ओढू देतात. माझे बीड, म्हणजे रॉड ओढून बसवलेल्या धातूच्या ओळी, बघून ते म्हणाले, "ताई, रॉड काऊन पळवून राहिल्या? लोखंडाले पिऊ द्या ना थोडं." मग हेल्मेट घालून माझ्या शेजारी बसले आणि सांगितलं, "उजेडाकडे नका पाहू. मागचं पाणी पाहा."

त्या एका वाक्यानं माझं काम बदललं. आर्क इतका प्रखर असतो की नजर आपोआप त्याच्यावरच जाते. पण खरी माहिती असते त्याच्या लगेच मागे. तिथे वितळलेल्या लोखंडाचं छोटं तळं असतं आणि त्याच्यावर स्लॅग, म्हणजे रॉडच्या वितळलेल्या लेपाचा मळ, तरंगत, वळवळत असतो. तळ्याची कड पुढच्या कोऱ्या लोखंडात शिरताना दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखी. कड शिरत नसेल आणि तळं नुसतंच वर फुगत असेल, तर धातू वर बसतोय, आत जात नाहीये. स्लॅग आर्कच्या पुढे पळायला लागला तर तो जोडाखाली अडकणार. रॉड थोडा जास्त कलवा, आर्क आखूड करा, तो मागे ढकलला जातो. आर्कची लांबी रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीएवढी, म्हणजे 12 नंबरला अडीच एमएम. रॉड जळून आखूड होत जातो, त्यामुळे हात पुढे नेता नेता खालीही आणत राहावा लागतो. हे दोन्ही एकत्र जमायला सगळ्यात जास्त रॉड खर्ची पडतात, आणि ते पडू द्यावेत.

कानही लावा. आर्क आखूड असला की सलग, घट्ट तडतड ऐकू येते. लांबला की आवाज पोकळ होतो, फुरफुरतो आणि आजूबाजूला बारीक गोळ्या उडतात.

पण एवढं जमलं तरी जोड धरला की नाही हे वरून कळत नाही. त्यासाठी तो मोडूनच बघावा लागतो. चाचणी सोपी आहे आणि प्रत्येकानं करावी: 40 बाय 5 एमएमच्या दोन पट्ट्या, एकीवर दुसरी टीसारखी उभी, आणि बीड फक्त एकाच बाजूनं. थंड झाल्यावर आडवी पट्टी व्हाइसमध्ये धरायची आणि उभ्या पट्टीवर बीड नसलेल्या बाजूनं घण मारून ती बीडकडे वाकवायची, म्हणजे बीड नसलेल्या बाजूचा सांधा उघडत जातो.

दोन तुकडे शेजारी ठेवून सांगते. पहिला 60 अँपिअरवरचा. दिसायला माझ्या सगळ्या बीडमध्ये हाच सुंदर: एकसारख्या लहरी, स्लॅग चिपिंग हॅमर लागताच पट्टीसारखा निघाला. दोन-तीन घावांत पट्टी सुटून आली. मोडलेल्या जागी मुळाशी सरळ रेघ होती आणि त्या रेघेवर ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे होते. कोपऱ्यातलं लोखंड वितळलंच नव्हतं, बीड दोन्ही पट्ट्यांना वरच्यावर टेकून पूल बांधून बसला होता. कोपऱ्याच्या टोकाला स्लॅगची काचेसारखी काळी रेघही अडकलेली होती.

दुसरा तुकडा 85 वरचा, आर्क आखूड, रॉड दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध 45 अंशांत आणि पुढे जायच्या दिशेला 10-15 अंश कललेला. याच्या लहरी जरा ओबडधोबड होत्या. घण मारला तशी उभी पट्टी वाकत गेली, पार आडवी झाली, जोड सुटला नाही. शेवटी बीडवर ग्राइंडरनं खाच पाडून तोडला. आत थेट कोपऱ्यापर्यंत राखाडी, दाणेदार धातू दिसला.

6013 मधल्या 60 चा अर्थ जोडातल्या धातूची ताणशक्ती किमान 60,000 पीएसआय, म्हणजे जवळजवळ 414 मेगापास्कल. बाजारात साधा स्ट्रक्चरल अँगल ज्या आयएस 2062 च्या ई 250 प्रतीचा मिळतो तिची 410. रॉड आणि अँगल तोलामोलाचे आहेत. नीट शिरलेला जोड सुटायचं कारणच उरत नाही, सुटला तर शोधायची ती मुळाशी राहिलेली फट. त्यानंतर कुठलाही नवा जोड किंवा नवी जाडी आली की मी आधी एक तुकडा जोडून मोडते, आणि मगच खऱ्या कामाला हात लावते.

स्टँडकडे वळते. चौकट 24 बाय 18 घ्यायचं एक कारण असं की कर्ण बरोबर 30 इंच येतो, टेपनं लगेच तपासता येतं. गुण्या लावून चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारले, दोन्ही कर्ण मोजले, जिथे फरक होता तिथे हातोडीनं सारखं केलं. पूर्ण वेल्डिंग समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीनं. थंड होताना बीड आकसतो आणि लोखंडाला आपल्या बाजूला ओढतो. एकाच कोपऱ्यात सगळं उरकलं तर चौकट तिरपी होते आणि मग स्टँडचा एक पाय जमिनीला टेकत नाही. पायांचे जोड 80 अँपिअरवर केले. रंगाआधी सगळा स्लॅग चिपिंग हॅमरनं, मग तारेच्या ब्रशनं काढला. कूलरचं पाणी ठिबकणारच. स्लॅगवर मारलेला रेड ऑक्साइड पापुद्र्यासारखा सुटतो आणि गंज तिथूनच धरतो.

कूलरच्या पत्र्याच्या बॉडीला थेट काही जोडायचा विचार करत असाल तर थांबा. तो पत्रा गॅल्वनाइज्ड असतो. लोखंड 1500 अंशांच्या आसपास वितळतं, जस्त 907 लाच उकळतं, त्यामुळे जोड व्हायच्या आधीच पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. गूळ खाऊन किंवा दूध पिऊन तो थांबत नाही. मी स्टँडवर बोल्टच वापरले.

डोळ्यांबद्दलही तितकंच गांभीर्यानं सांगते. गॅस वेल्डिंगचा काळा चष्मा आर्कला पुरत नाही. त्रास लगेच होत नाही, रात्री सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा. घरातली मुलं अंगणात डोकावतात म्हणून मी कामाच्या जागेला तीन बाजूंनी पत्रा उभा केला आहे. बघणाऱ्यालाही तेवढाच धोका असतो.

पुढचं काम गच्चीच्या दाराची जाळी, 20 बाय 20 एमएमचा 16 गेजचा स्क्वेअर पाइप. भिंत जेमतेम 1.6 एमएम, त्यामुळे सलग ओढला की भोक पडतं. मिस्त्रींनी होल्डर निगेटिव्हला लावून, 50-55 अँपिअरवर, टाक्याला टाका जोडत जायला सांगितलं आहे. दाराची चौकट जागेवरच जोडायची असल्यानं उभे जोडही येणार. पातळ पाइपाला वरून खाली, जाड अँगलला खालून वर, असा सराव सुरू केला आहे. पावसाळा लागेल तसे रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात जातील. 7018 हा दुसऱ्या प्रकारचा रॉड मी अजून आणलेला नाही. त्याला वापरण्याआधी ओव्हनमध्ये भाजावं लागतं, आणि तशी सोय आधी करायची आहे.