पाणी आलं, कॅमेरा चालू कर!

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं बाकीचं सगळं बाजूला पडतं. पाहुणे असोत, परीक्षा असो, आधी पिंप भरायचं. उजनी धरण भरल्याच्या बातम्या वाचत वाचत आपण हंडे मांडत असतो. आमच्या बारा मिनिटांच्या शॉर्टफिल्मची गोष्ट एवढ्यातूनच निघाली. मुलगी बघायला पाहुणे आलेत, पोह्यांच्या बशा पुढ्यात आल्यात आणि तेवढ्यात नळाला पाणी येतं. शेवटी नवरा मुलगा पाइप धरून उभा आणि त्याचा मामा कळशी घेऊन जिन्यात.

आमच्यातला एक लग्नाची शूटिंग करतो, एक टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, एकीचं ब्यूटी पार्लर आहे. मी लिहिणार आणि दिग्दर्शन करणार असं ठरलं, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. लग्नसराईत कॅमेरावाला मोकळा सापडेना, म्हणून तारखा त्याच्या मुहूर्तांच्या मधल्या फटींत बसवल्या. एप्रिल-मेचं ऊन, चाळिसाच्या वर पारा. भुईकोट किल्ल्यात एक प्रसंग घ्यायचा मनात होतं, पण ते संरक्षित स्मारक, चित्रीकरणाला परवानगी लागते. तो प्रसंगच कापला. नंतर कुणाला त्याची आठवणही आली नाही.

घर मिळालं शहराच्या पूर्व भागात, पार्लरवालीच्या ओळखीच्या एका मावशींचं. मावशी घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, भाजीवाल्याशी कन्नड. घर द्यायला लगेच तयार झाल्या, अट एकच: "पहिलं माझं पाणी, मग तुमचं शूटिंग." मी म्हणालो, मावशी, पाणी भरायचंच शूटिंग आहे. त्यांना ते पटायला वेळ लागला. यात बघण्यासारखं काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

तालमीत सगळ्यात मोठी अडचण मामाच्या भूमिकेची. तो आमचा मित्र कॉलेजच्या गॅदरिंगमधला हुकमी विनोदी नट. भुवया उडवायच्या, प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रेक्षकांकडं बघायचं. रंगमंचावर मागच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून ते चालतं. कॅमेरा तोंडापासून दोन हातांवर असला की तेच बघवत नाही. त्याला समजावून उपयोग होईना. मग एकदा मावशी सहज बोलताना त्यांचा व्हिडिओ काढला आणि त्याला दाखवला. "मुलीला स्वयंपाक येतो का," असं त्यानं तालमीत विचारलं होतं आणि मावशींनी आतून, तोंड न वळवता, उत्तर दिलं होतं, "येतो की. पाणी आलं तर." आम्ही सगळे हसलो, त्या हसल्या नाहीत. त्यांनी खरंच उत्तर दिलं होतं. त्या दिवसापासून नियम केला, हे विनोदी आहे हे या घरात कुणालाच माहीत नाही. मामाला खरोखरच पोहे संपवायचेत, नवऱ्या मुलाला खरोखरच मुलीशी दोन शब्द बोलायचेत, आणि पाणी दोघांनाही ते करू देत नाही. मावशींना मुलीची आजी केलं. त्यांचे संवाद मी लिहिणं थांबवलं.

कॅमेरा म्हणजे कॅमेरावाल्याचा फोन. लग्नाचं काम करून त्याला सारखं झूम करायची सवय, ती मोडावी लागली. विनोदाला रुंद चौकट बरी, माणसं एकमेकांना अडखळताना एकाच चौकटीत दिसली पाहिजेत. एक गोष्ट मात्र त्यानं पक्की सांभाळली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद. नाहीतर ट्यूबलाइटच्या उजेडात काळे पट्टे सरकताना दिसतात आणि नंतर ते सहजासहजी जात नाहीत.

आवाजाचं काम त्याहून किचकट. शेजारच्या गल्लीत यंत्रमाग, त्याची खटखट भिंतीतून येते. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी संवादाचे प्रसंग, बाकी दिवशी मुके प्रसंग, अशी विभागणी केली. कॉलर माइकमध्ये पंखा भणभणतो म्हणून पंखा बंद. नवरा मुलगा घामानं निथळत होता, ते भूमिकेला शोभून दिसलं. मुलीच्या काठापदराच्या साडीची सळसळ माइकवर येत होती, तेव्हा माइक पदराखालून काढून केसांच्या अंबाड्यात खोचला. ही पार्लरवालीची युक्ती. प्रत्येक प्रसंगानंतर अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा, संकलनात दोन वाक्यांमधली भगदाडं त्यानं बुजतात. हे अर्धा मिनिट पाळणं पाच सोलापूरकरांना फार जड गेलं.

पाणी यायच्या आधी कोरडे प्रसंग उरकून घेतले होते, कारण एकदा कपडे भिजले की परत मागं जाता येत नाही. पाणी आलं पहाटेच. मावशींनी तेलुगूत हाक दिली, "नीळ्ळु वच्चिनय्!" म्हणजे पाणी आलं, आणि कॅमेरावाला अंथरुणातून उठून सरळ चालू झाला. इथं रिटेकचा हिशेब वेगळा होता. सांडायचं नाही, म्हणजे प्रत्येक टेकला एक रिकामं भांडं हवं. पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, शेवटी पातेली. भांडी संपली की रिटेक संपले. शेजारच्या आपले ड्रम घेऊन आल्या, "आमच्याकडं पण करा की बे एक शूटिंग," म्हणाल्या, तेव्हा आणखी थोडी मुभा मिळाली. मामा कळशी घेऊन जिना चढतो तो शॉट अशा एका परक्या ड्रमाच्या जिवावर झालाय. जिन्यात त्याचा पाय खरोखर घसरला, कळशी त्यानं सोडली नाही. तोच टेक ठेवला.

जेवणाला कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. भाकरी-चटणी उन्हात खराब होत नाही, काही गरम करावं लागत नाही. मामानं माइक न काढता भाकरी मोडली, तो कडाड् असा आवाज रेकॉर्ड झाला. पोह्यांच्या प्रसंगात एक अवघडलेली शांतता होती, तिथं पोह्यांच्या जोडीला ताटलीत भाकरीचा तुकडा ठेवून मामाला तो चावायला लावला. लिहिलेल्या कुठल्याही विनोदापेक्षा त्याला जास्त हशा मिळाला.

संकलन डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या आवृत्तीवर. फोनचा फ्रेम रेट मध्येच कमीजास्त होतो, त्यामुळं लांब टेकमध्ये ओठ पुढं आणि आवाज मागं पडायला लागला. आधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून सगळे टेक एकसारख्या फ्रेम रेटचे करून घेतले आणि ते बसलं. "पाणी आलं तर" या वाक्यानंतर मी लगेच कट केला होता. हिशेबवाला म्हणाला, मामाचं तोंड दाखव की जरा. दहा-बारा फ्रेम, जेमतेम अर्धा सेकंद, वाढवली. तेव्हा कुठं ते वाक्य हसवायला लागलं. ऐकणाऱ्याचे शॉट वेगळे घेऊन ठेवले होते म्हणून हे जमलं. संगीतासाठी सिनेमातलं गाणं टाकलं तर यूट्यूब लगेच पकडतं, म्हणून ओळखीच्या हलगीवाल्याला दोन पैसे देऊन गच्चीवर वाजवायला लावलं. खर्च बहुतेक त्यातच, आणि रिक्षात.

पहिला खेळ मावशींच्या गच्चीवर झाला. पडद्याला पांढरी चादर शोधत अख्खी गल्ली पालथी घातली, घरोघरी सोलापुरी नक्षीच्याच. शेवटी आजोबांचं धोतर ताणून बांधलं. गल्ली खूप हसली. पण पुण्याच्या माझ्या आतेभावाला लिंक पाठवली, तर त्याचा फोन आला, नळाला पाणी आलं यात एवढं पळायचं काय? त्याच्याकडं रोज येतं. म्हणून सुरुवातीला एक शॉट नव्यानं घेतला. भिंतीवरचं कॅलेंडर, पाण्याच्या तारखांभोवती पेनानं काढलेले गोल, आणि पुढचा गोल काढणारा मावशींचा हात. कॅलेंडर मावशींचंच, रोजच्या वापरातलं. शॉट संपेपर्यंत त्या दोनदा म्हणाल्या, लवकर आटपा, गोल खरा काढलाय, उद्या उठायचंय.