कायमचं कधी येणार, असं तुम्ही विचारलंत म्हणून

सांगलीत पाऊल ठेवलं की तिसऱ्या वाक्याला तुम्ही विचारता, "मग, कायमचं कधी येणार?" मी "बघू" म्हणतो आणि विषय बदलतो. पंधरा वर्षं हेच चाललंय. आता एकदा नीट सांगतो.

पैशासाठी राहिलो नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नाही. सुरुवातीला पैशासाठीच राहिलो. "पाच वर्षं, मग परत" हे आईला दिलेलं वचनही मनापासून होतं. पण मुलगी जर्मनीत, स्टुटगार्टच्या शाळेत रमली, शेजारची म्हातारी आमच्याकडे किल्ली ठेवून दवाखान्यात जायला लागली, आणि तिथल्या सकाळी माझ्या झाल्या. यात कुणाचा अपमान आहे, असं मला अजूनही वाटत नाही.

पासपोर्टबद्दलही तुम्ही बोलता. जर्मनीने जून २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वाची मुभा दिली तेव्हा तुमच्यातल्या तिघांचे फोन आले, "आता दोन्ही ठेवता येतं की!" नाही येत. परदेशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार इथलं जातं. माझं त्याच्या आधीच गेलं होतं. माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर हवं तेव्हा येता येतं, हवं तितकं राहता येतं. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आई गावभागातल्या घरात वरच्या मजल्यावर एकटी. तिचा फोन बंद पडला आणि पुढचे काही तास मी ऑफिसच्या जिन्यात बसून टीव्हीच्या बातम्यांत आमची गल्ली शोधत होतो. मग शाळेतल्या माझ्या बाकावरच्या मित्राचा मेसेज आला : "काकू माझ्याकडं हायत. जेवल्या."

मी पोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं. माजघरात घोटाभर गाळ, आणि मित्र लेंगा खोचून फावड्याने तो ओढत होता. त्याचं स्वतःचं दुकान अजून उघडलं नव्हतं. २००५च्या पुरानंतर वडिलांनी चौकटीवर लाल ऑइलपेंटने एक रेघ ओढून तारीख घातली होती. "याच्या वर कधी जाणार नाही," म्हणाले होते. नवीन डाग तिच्या चांगला कमरेइतका वर होता. मी तिथेच उभा राहिलो. मित्र म्हणाला, "बूट काढ आन् घमेलं धर." चार दिवस धरलं.

निघताना मी त्याच्या हातात पाकीट दिलं. दुकानाचं नुकसान डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून दिलं; आजही मला त्यात वाईट हेतू दिसत नाही. त्याने ते उघडलं नाही. कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाला, "तुझ्या आईला मी भाड्यानं बाहेर काढलं व्हय रं?"

मी खूप बोललो. विमा नाही, दुकान बंद, पोरांच्या फिया. तो ऐकत राहिला आणि फावडं धुवायला गेला. त्या वेळी माझ्या बॅगेत नागरिकत्वाच्या अर्जाचे कागद होते. आईकडून जन्मदाखला घ्यायचा होता म्हणून आणले होते. त्याला सांगितलं नाही. आधी सांगितलं असतं तर पाकीट देण्याची माझी हिंमत झाली असती का, हे मी स्वतःला कितीदा तरी विचारलंय. कधी वाटतं, मी घर सोडायची किंमतच त्या पाकिटात घातली होती. कधी वाटतं, उगाच मनाला लावून घेतोय. अडचणीतल्या मित्राला पैसे द्यायचे नाहीत तर कुणाला?

आई पुढे बहिणीकडे गेली. घराची किल्ली मित्राकडेच आहे, रविवारी तो खिडक्या उघडतो. तुम्ही विचारता तो प्रश्न त्याने कधीच विचारला नव्हता. गेल्या डिसेंबरात विचारला, आणि त्याला मला "बघू" म्हणता आलं नाही. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी लाल पेंटचा छोटा डबा आणला. भिंती धुऊन रंगवल्यापासून डाग दिसत नाही, म्हणून पाणी कुठवर आलं होतं ते त्याने हात लावून दाखवलं. तिथे मी रेघ ओढली. तारीख त्याला विचारून घातली.