उंबरा आणि चौक

जानेवारी 2024. अंगणवाडी सेविकांच्या राज्यव्यापी संपाला महिना उलटून गेला होता. मी एका तालुक्याच्या ठाण्यात उपनिरीक्षक होते. दुपारी तीनच्या सुमाराला फोन आला: मोर्चा तहसील कचेरीवरून थेट लोकप्रतिनिधींच्या राहत्या घराकडे वळलाय, महिला स्टाफ घेऊन निघा.

मोर्चा घराकडे वळला म्हटलं की आमच्या खात्यात पोटात गोळा येतो. 8 एप्रिल 2022 ला मुंबईत एसटी कर्मचारी शरद पवारांच्या 'सिल्व्हर ओक' या घरावर धडकले, दगड-चपला भिरकावल्या गेल्या, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

पोचले तर अरुंद गल्लीत दीड-दोनशे बाया. हातात स्टीलची ताटं आणि लाटणी. गल्लीच्या दोन्ही भिंतींमध्ये तो थाळीनाद कोंडला होता, छातीत धडधड व्हावी इतका. एकीच्या ताटाला ठोकून ठोकून पोचा पडला होता, तरी ती त्याच जागी लाटणं मारत होती. 1972 साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी मुंबईत लाटणं मोर्चा काढला, त्या रांगेतल्याच या बाया. मला त्यांच्याविषयी आदरच वाटला, आजही वाटतो.

वरिष्ठांचा निरोप स्पष्ट होता. जमावबंदीचा आदेश लागू आहे, सूर्यास्ताच्या आत उचला. (सूर्य मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही, अगदीच अपवाद असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते.) महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 68-69 कलमांखाली ताब्यात घ्यायचं, नंतर सोडायचं, नेहमीचा मार्ग.

मी आधी घरात गेले. साहेब घरी नव्हते. त्यांच्या आई पलंगावर बसून जप करत होत्या. आतल्या खोलीत खिडकी बंद, पडदा ओढलेला, आणि दहावीतली मुलगी दोन्ही हातांनी कान दाबून भूमितीच्या पुस्तकावर वाकलेली. दुसऱ्या दिवशी तिचा पूर्वपरीक्षेचा पेपर. मला बघून म्हणाली, "मॅडम, त्या आत येणार नाहीत ना?"

सेविकांचं मानधन ठरवण्यात त्या पोरीचा काय संबंध?

बाहेर येऊन मी मोर्चाच्या म्होरक्या ताईंना हेच सांगितलं. पन्नाशीच्या असतील. त्या चिडल्या नाहीत. "महिनाभर कचेरीसमोर बसलो मॅडम. कोण फिरकलं? दार वाजवल्याशिवाय ऐकूच जात नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं खरं होतं. दिल्लीत जंतरमंतरवरच्या आंदोलनांच्या आवाजाविरुद्ध तिथले रहिवासी तक्रार घेऊन गेले, हरित लवादाने 2017 मध्ये तिथली आंदोलनं बंद केली. पण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदी उठवली, आंदोलनाला नियम घाला म्हणून सांगितलं. म्हणजे कुणाच्या कानावरच जाणार नाही इतक्या लांब माणसांना नेऊन बसवायचं, हा काही तोडगा नव्हे.

मी विचारलं, "ताई, तुम्ही गृहभेटीला जाता तेव्हा काय करता?"

"उंबऱ्याबाहेरनं हाक मारतो. बाळंतीण झोपली असली तर परत येतो." एवढं बोलून त्या थांबल्या. बंद खिडकीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चौकात बसू. पण निवेदन घ्यायला ते स्वतः आले पाहिजेत. पीए नको."

मी शब्द दिला. तसा अधिकार मला नव्हता.

साहेबांना फोन लावला. "पीएला पाठवतो," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, त्या तुमच्या दारावरून उठल्यात ते तुमच्या आईसाठी आणि मुलीसाठी. तुम्ही आला नाहीत तर उद्या मी कुठल्या तोंडाने त्यांना उठवू?" पलीकडून बराच वेळ आवाज नाही.

पावणेसहाला ते चौकात आले. बायांनी अर्धा तास त्यांना धारेवर धरलं. वेतन, ग्रॅच्युइटी, पेन्शन, एकेक मुद्दा. ते उभे राहून ऐकत होते. ताटं तेवढा वेळ गप्प होती. त्यांनी आश्वासन असं काही दिलं नाही, निवेदनावर पोच मात्र स्वतःच्या हाताने दिली.

जमावबंदी असताना गुन्हा का नोंदवला नाही, याचा खुलासा मला दुसऱ्या दिवशी लेखी द्यावा लागला. मी लिहिलं: आंदोलक सांगताक्षणी घरापासून हटले, रस्ता मोकळा राहिला, निवेदन संबंधितांनी स्वतः स्वीकारले, कोणासही इजा नाही.