मुकुट आहे, गादी आहे, राजा मात्र नको

हंगेरीत १९२० ते १९४४ राज्य होतं, मुकुट होता, राजवाडा होता, फक्त राजा नव्हता. कारभार बघायला रीजंट म्हणून मिक्लोश होर्ती, आणि हे साहेब नौदलाचे अ‍ॅडमिरल, आता देशाला समुद्रकिनाराच उरलेला नाही, कारण पहिलं महायुद्ध हरल्यावर त्रियानोनच्या तहात दोन तृतीयांश मुलूख गेला त्यात किनाराही गेला. बरं.

आम्ही पंचवटीतले, काळाराम मंदिराच्या आसपास कीर्तनं ऐकत वाढलेले, त्यामुळे असलं काही वाचलं की आधी भरतच आठवतो. पादुका गादीवर, कारभार भरताकडे, आणि राम इकडे आमच्याकडे गोदाकाठी. हंगेरीत पादुकांच्या जागी मुकुट, त्यांच्या पहिल्या राजाच्या, सेंट स्टीफनच्या नावाचा. पण भरताचा कस लागतो तो राम परत आल्यावर ना, होर्ती नेमका तिथंच नापास.

या मुकुटाचं वेड जुनं आहे. शार्ल रॉबर्ट नावाच्या राजाला तीनदा राज्याभिषेक करून घ्यावा लागला, १३०१, १३०९ आणि १३१०, कारण पहिल्या दोन वेळी हा मुकुट हाताशी नव्हता म्हणून लोक मानेचनात! आणि १४४० चा किस्सा तर भारीच. राजा वारलेला, राणी एलिझाबेथ गरोदर, सरदार म्हणतायत पोलंडचा राजा आणू. मग राणीची दासी हेलेने कोटानरीन फेब्रुवारीच्या रात्री विशेग्राडच्या किल्ल्यात शिरली, सोबतच्या माणसानं कुलपं कानशीनं कापली, मुकुट काढला, उशीतली पिसं उपसून आत कोंबला, उशी परत शिवली आणि गोठलेल्या डॅन्यूबवरून घसरगाडीनं राणीकडे! ही पोचली आणि त्याच रात्री राणीला मुलगा झाला. बारा आठवड्यांच्या त्या पोराला राज्याभिषेक. हे सगळं त्या बाईनंच नंतर आठवणींत सांगून ठेवलंय, मला तर राजांपेक्षा तीच जास्त आवडली.

पुढे १५२६ ला मोहाचच्या लढाईत राजा लायोश तुर्कांकडून हरला, पळताना मेला, आणि हळूहळू गादी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेली ती चारशे वर्षं. त्यातला योसेफ दुसरा असा वल्ली की राज्याभिषेकच करून घेतला नाही, लोकांनी नावच पाडलं, टोपीवाला राजा.

आता १९२१. याच घराण्यातला शेवटचा राजा कार्ल, महायुद्धानंतर गादी सुटलेला, १९१६ साली याच मुकुटानं अभिषेक झालेला, परदेशातून गुपचूप ईस्टरला बुडापेस्टला आला आणि थेट होर्तीसमोर, म्हणे माझं राज्य मला परत दे. ज्याच्या हाताखाली नोकरी केली, ज्यानं अ‍ॅडमिरल केलं, तोच समोर उभा. होर्तीनं दोनेक तास बोलून त्याला परत पाठवला. ऑक्टोबरमध्ये कार्ल बायकोला घेऊन विमानानं आला, सैन्य जमवलं, ट्रेननं निघाला, पण बुडापेस्टच्या वेशीवर गोळीबार झाला आणि पकडला गेला. नोव्हेंबरात कायदा करून त्याचा हक्क काढून घेतला. पुढच्या एप्रिलमध्ये मदैरा बेटावर न्यूमोनियानं गेला, वय फक्त ३४.

गंगापूर रोडला मिसळ खाताना मित्राशी यावरून वाद झाला, तो म्हणतो राजा बसवला असता तर शेजारचे चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया चालून आले असते, होर्ती काय करणार. धमक्या होत्याच, ते मान्य. पण मग कार्ल मेल्यावरही गडी २२ वर्षं तिथंच बसून राहिला, त्याचं काय? राजाच्या नावानं राज्य करायचं तर राजा लांबच बरा, हे त्याला चांगलंच कळलेलं.

मुकुट मात्र सगळ्यांना पुरून उरला. १९४५ ला तेलाच्या पिंपात घालून ऑस्ट्रियात पुरला, मग अमेरिकनांकडे गेला, फोर्ट नॉक्समध्ये, म्हणजे त्यांच्या सोन्याच्या तिजोरीत, सोन्याशेजारी राहिला, १९७८ ला राष्ट्राध्यक्ष कार्टरनी परत केला. आता बुडापेस्टच्या संसदेत आहे. आणि कार्लचा मुलगा ओटो, बापाच्या अभिषेकाला चार वर्षांचा होता तो, १९७९ ला जर्मनीतून युरोपियन संसदेवर निवडून गेला आणि वीस वर्षं खासदार होता. गादी नाही तर नाही, सीट तर काढली पठ्ठ्यानं.