दोष पिस्टनचा नव्हता, गॅस्केटचा होता

जूनमधल्या वाऱ्यात आमच्या बांधावरची निलगिरी उसात आडवी झाली आणि नेमकं तेव्हाच चेनसॉ बिघडलं. सुरू व्हायचं, पण रेस दिली की घोगरा आवाज आणि दाट धूर. लाकडाला लावलं की बंद. प्लग काढला तर काळाकुट्ट आणि पेट्रोलनं ओला. म्हणजे पेट्रोल जादा येत होतं, एवढं मलाही कळलं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात नेलं. कार्बोरेटरचं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं, नवीन किट (आतले डायफ्रॅम-गॅस्केट) टाकून दिलं. घरी आणलं तर धूर आधीपेक्षा जास्त. परत गेलो. पेट्रोल कमी-जास्त करायचे स्क्रू पिळून बघितले, फरक नाही. मग म्हणाले, "दादा, रिंग गेलीया, पिस्टन टाकायला लागतंय." मी म्हटलं, किट टाकायच्या आधी एवढं पेट्रोल ओव्हर होत नव्हतं. ऐकलंच नाही. "उद्या या," "परवा या" यात आठ दिवस गेले. ऊस झाडाखाली दबलेला, आणि कोल्हापूरच्या फेऱ्या माझ्याच. आजही आठवलं की राग येतो.

शेवटी मशीन उचलून घरी आणलं आणि रात्री बल्बखाली स्वतः खोललं. कार्बोरेटरच्या डायफ्रॅमवरच्या (डायफ्रॅम म्हणजे आतला पातळ लवचिक पडदा) झाकणाचे चार स्क्रू काढले. झाकणाखाली आधी कागदी गॅस्केट (दोन भागांच्या सांध्यात बसणारा पातळ थर) निघालं आणि त्याखाली डायफ्रॅम, थेट धातूला चिकटलेला. हे उलटं होतं. या बाजूला बॉडीवर आधी गॅस्केट, त्यावर डायफ्रॅम, मग झाकण. गॅस्केटची जाडी खाली नसल्यानं डायफ्रॅमचं मधलं बटण लिव्हरवर टेकून राहिलेलं, म्हणून पेट्रोल अडवणारी सुई, नीडल, कायम किंचित उघडी. मग स्क्रू कितीही पिळा, पेट्रोल येतच राहणार. कार्बोरेटरच्या पलीकडच्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या बाजूला क्रम याच्या उलट असतो, आधी डायफ्रॅम, मग गॅस्केट. बहुतेक तिथंच त्यांचा घोळ झाला.

दोन्ही अदलाबदल करून बसवले, प्लग पुसला, तिसऱ्या दोरीला मशीन स्वच्छ आवाजात उठलं. बायको झोपेतून बाहेर आली, इतका मी ओरडलो.

एक राहिलं. खोलण्याआधी एअर फिल्टर धुवा आणि चोक पूर्ण उघडतोय का बघा, धूर कधी कधी तेवढ्यानंच जातो. एच (फुल रेसचा) आणि एल (स्लोचा) स्क्रू हलक्या हातानं टेकवून एक आटा मागे घ्या, मग इंजिन गरम झाल्यावर बारीक सेटिंग. घड्याळाच्या दिशेनं पिळलं की पेट्रोल कमी. पण फार पिळू नका, पेट्रोल कमी पडलं की पिस्टन खरंच जातो. मोकळ्या फुल रेसवर थोडी फडफड आणि लाकडात गेल्यावर ती जाते, तिथं थांबा. स्लोवर चेन फिरता कामा नये. टू-टी ऑइल मी लिटरला 20 मिली टाकतो, माझ्या मशीनच्या पुस्तिकेत 50:1 आहे. तुमचं बघून घ्या.

निलगिरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुकडे करून बांधावर रचली.