पावसात दिसणारी जमीन

आज नौपाड्याहून एक काका-काकू आले होते. त्यांना माळशेजच्या पायथ्याशी दहा गुंठे हवे होते, निवृत्तीनंतर आंब्याची झाडं लावायला. मुरबाडात माझं छोटंसं ऑफिस आहे. पावसाळ्यात फोन थांबत नाही आणि होळीनंतर कोणी फिरकत नाही. धबधबे पाहून मन हरखलेला माणूस इथे लगेच टोकन द्यायला निघतो.

काकूंनाही जागा बघताक्षणी आवडली. ओढा, मागे डोंगर, भातखाचरांत गुडघाभर पाणी. मालक, एक म्हातारे ठाकर बाबा, बांधावर डोक्यावर इरलं घेऊन उभे होते. मी सातबारा उघडला. इतर हक्कांच्या रकान्यात कलम ३६ अ ची नोंद. म्हणजे आदिवासी खातेदाराची जमीन, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही. शिवाय काकांकडे शेतकरी दाखला नाही, त्यामुळे शेतजमीन तशीही अवघडच.

"नुसतं कुलमुखत्यारपत्र करून घेता येतं ना? दुसरा एजंट म्हणाला," काका म्हणाले.

मी स्पष्ट नाही म्हटलं. तसल्या कागदांवर पैसे अडकलेली तीन कुटुंबं मी स्वतः पाहिली आहेत. बाबांना मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते हेही मला माहीत होतं, म्हणून ते जास्त लागलं. ते फक्त म्हणाले, "बरं झालं पोरा, जमीन राहिली."

काका-काकूंसाठी आता रीतसर बिगरशेती झालेला प्लॉट शोधतोय. आंब्याला जागा हवीच, असं काकू निघताना दोनदा म्हणाल्या.